भिरभिरं थांबलं तेव्हा

(दवाखान्यात मेंदूच्या तपासणीची खोली. खुर्चीत आठ वर्षांची नात, डोक्यावर वायरी चिकटवलेल्या. शेजारी तिचे आजोबा, निवृत्त मास्तर. पडद्यापाशी तपासणी करणारी ताई.)

ताई: अहो आजोबा, तपासणी तिची आहे. तुम्ही कशाला एवढे ताठ बसलाय?

आजोबा: शिस्त! मागच्या तपासणीला पोरीनं हूं का चूं केलं नाही. म्हणून तर रिपोर्ट स्वच्छ आला.

ताई: तिथंच घोळ झालाय. तिला जोरजोरात श्वास घ्यायला सांगितलं होतं ना?

नात: आजोबा म्हणाले, चारचौघांत अशा धापा टाकायच्या नसतात.

ताई: मग?

नात: मग मी हळूच घेतले. शहाण्या मुलीसारखे.

ताई: झालं! अहो, जोरात श्वास घेतला की हा आजार बिळातून बाहेर येतो. तुम्ही बिळावरच धोंडा ठेवलात.

आजोबा: आजार कसला? लक्ष नसतं, एवढंच. पाढे म्हणताना मध्येच थांबते, भिंतीकडे बघत बसते. दोन महिने रोज कोपऱ्यात उभी करतोय.

नात: तिथे एक पाल राहते. आमची ओळख झालीय.

ताई: आज मी वेगळं करणार. हे घे भिरभिरं. मोठा श्वास घ्यायचा, फुंकायचं. तीन मिनिटं थांबू द्यायचं नाही.

आजोबा: दवाखाना आहे की खेळण्यांचं दुकान?

ताई: नुसतं श्वास घे म्हटलं की पोरं कंटाळतात. भिरभिरं दिलं की जीव तोडून फुंकतात. हं, कर सुरू!

आजोबा: पाठ सरळ. कोपर आत.

ताई: आजोबा!

आजोबा: बरं बाई, राहिलं. ...बघा, थांबली! दीड मिनिटात कामचुकारपणा! ए, फुंक की!

ताई: ओरडू नका, पडद्याकडे बघा. सगळ्या रेघा एकदम उसळल्यात, सेकंदाला तीनदा. तिला आत्ता काही कळत नाहीये. एक शब्द सांगा तिला, लवकर!

आजोबा: कुठला?

ताई: कुठलाही!

आजोबा: भ... भोपळा! भोपळा गं! ...अगं, इकडे बघ ना. ...अशीच बघायची भिंतीकडे. अगदी अशीच. आणि मी... चुकलं गं माझं, बाळा.

ताई: अकरा सेकंद. आली बघा भानावर.

नात: मी थांबले नाहीये हां. फुंकतेय.

ताई: आजोबांनी आत्ता कुठला शब्द सांगितला?

नात: आजोबांनी? ते तर मघापासून गप्प आहेत. मला वाटलं, त्यांना बरं नाही की काय.

ताई: सापडलं एकदाचं! ही फिटच, फक्त यात पोर पडत नाही, काही सेकंद हरवतं. पुढचं डॉक्टर सांगतीलच. घाबरू नका, बहुतेक पोरांचं गोळ्यांनी आटोक्यात येतं. ठेव आता भिरभिरं.

आजोबा: भोपळा म्हणालो होतो मी.

नात: ईऽऽ! का?

आजोबा: सुचलं तेवढंच.

ताई: आणि त्यानंतर जे म्हणालात ते?

आजोबा: ते... तुमच्या यंत्रात आलंच असेल.

ताई: यंत्रात तिच्या डोक्यातलं येतं. तुमच्या मनातलं तुम्हालाच बोलावं लागेल.

नात: काय म्हणालात, आजोबा?

आजोबा: एकदा सांगून झालंय.

नात: तेव्हा मी नव्हते. आता आहे.