पुलावरचा राक्षस आणि चौथा खेळाडू

सोलापूर स्टँडवर अक्कलकोटच्या गाडीसाठी रांग लागली होती. प्रतिक्षाच्या पुढचा तरुण फोन ठेवत पुटपुटला, "रविवारी चौथा माणूस नाही मिळाला, तर आमचा खेळ कायमचा बंद."

त्याच्या शेजारच्या मावशींनी कान टवकारले.

"कसला खेळ रं?"

"गोष्टीचा, मावशी. मी गोष्ट सांगतो, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. जमलं की नाही, ते फासा ठरवतो."

"मग सांग की. गाडीला येळ हाय."

"पुलावर राक्षस उभा आहे. आमची पोरं तीन रविवार तलवारी घेऊन जातात आणि मार खाऊन येतात. तुम्ही काय कराल?"

"जेवलास का, इचारीन."

"राक्षसाला?"

"दिवसभर हुबा हाय न्हवं? भूक लागली असंल की. माज्याकडं कडक भाकरी हाय, शेंगाची चटणी हाय. बस म्हनायचं."

"हा घ्या फासा, टाका. वीस बाजू आहेत, निदान एकोणीस यायला पाहिजेत."

दहात एक शक्यता, प्रतिक्षाने मनात मांडलं आणि मान लांब केली. फासा पिशवीवर पडला. एकोणीस.

"आता काय म्हनतो त्यो?"

"रडतोय, मावशी. आजवर कुणी विचारलंच नव्हतं, म्हणतो."

"बघ! रविवारी किती वाजता येऊ?"