गाढवआबा

आष्टीची गाडी काही लागत नव्हती. प्रियाने मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं, कान मात्र मागच्या बाकड्यावर होते. तिथं रायभानआबा सोबत्याला सांगत होते.

"पुन्याहून आलेली नात. तिच्या बोलन्याला गल्लीतले पोरं हसायचे, मंग ती गप्पच. म्हनून चित्राचं पुस्तक आनलं. त्यात पोरायला पाठीवर बसवनारं गाढव. रेणुका म्हनली, हे तर आमचे आबा."

"बराबर वळखलं की पोरीनं."

"पुस्तक घेऊन गल्लीभर दाखवून आली."

"मंग?"

"काल दारात पोरं हजर. 'गाढवआबा, रेणुका हाय का घरी?'"

"वरडला असशीन त्यायच्यावर."

"वरडलो की. गाढवावानी. रेणुका पळतच भाईर आली."