निधनवार्तेचं पान

सभ्य म्हातारा कुणाच्या कामाचा नसतो, हे मी तोंडावर सांगतो.

माझी नात छोट्याशा कॉलेजात मानवशास्त्र शिकते. माणसं कशी वागतात ते बघून लिहायचं. मी म्हटलं, "मग आमच्या सदाशिव पेठेतल्या कट्ट्यावर येऊन बस."

ती आली आणि आमचे म्हातारे बिघडले. एरवी पेपरावरून ओढाताण, आता "अहो, आधी आपण वाचा," "छे छे, आपणच!" आठवडाभर हेच.

नात रडकुंडीला आली. "आजोबा, असं कोण वागतं? सर म्हणतील, घरी बसून रचलं. नापास करतील."

निधनवार्तेचं पान आमच्यात सगळ्यात थोरला आधी वाचतो, म्हणजे बापट. दुसऱ्या दिवशी मी ते त्याच्या हातातून हिसकावलं. "बापट, तुझा फोटो आला की सांगतो!"

"गप रे! तुझाच नंबर आधी लागणार!"

मग सगळा कट्टा पेटला. कुणी माझी बाजू घेतली, कुणी त्याची. जुनी उणीदुणी निघाली. नात भराभर लिहीत सुटली.

वर्गात पहिली आली पोरगी! कट्ट्यावर पेढे वाटून तिने ते भांडण वाचून दाखवलं.

बापट पेढा चघळत म्हणाला, "माझ्या निम्म्या शिव्या गाळल्यास. हे कसलं शास्त्र?"