एक काड्यापेटी कमी

वाल्बोर्ग : अगं, उलटी काय करतेस तिला! घरच्या माणसाचे कुणी असे पाय वर करतं का?

सिग्ने : वाल्बोर्गबाई, खुर्चीचं खरंखोटं खालूनच कळतं. वरून सगळ्याच छान दिसतात.

टोर्किल : करू दे ना, आई. लिलावघरातून आल्यात त्या, एवढ्या ओडेन्सहून.

वाल्बोर्ग : तू बोलावलंस म्हणून आली. मी साठ वर्षं वरूनच ओळखते तिला.

टोर्किल : आपलं ठरलंय, विसरू नकोस. खरी निघाली तर कोपनहेगनला माझ्या घरी. नक्कल निघाली तर गुरुवारी तुझ्याबरोबर वृद्धाश्रमात.

वाल्बोर्ग : असं नव्हतं ठरलं. ‘किमती निघाली तर’ असं म्हणाला होतास तू. मी ‘बरं’ म्हटलं ते त्याला.

टोर्किल : एकच की ते.

वाल्बोर्ग : बघू.

सिग्ने : लाकूड सागाचं आहे. सयामचा साग, हात फिरवला की तेलकट लागतो. आणि इथे बघा, खुर्चीचा हात पायाला मिळतो तिथे एकही स्क्रू नाही. लाकडात लाकूड बसवलंय. नकलांमध्ये इथे हमखास स्क्रू मारून वर लाकडी बूच ठोकलेलं असतं.

टोर्किल : म्हणजे खरी?

सिग्ने : थांबा, बॅटरी धरा जरा. पाठीच्या पट्टीखाली... हा काय. तापल्या लोखंडाचा छाप. ब्राम्सकोव.

वाल्बोर्ग : बंदरामागच्या गल्लीत होता त्यांचा कारखाना. उन्हाळ्यात दारं सताड उघडी टाकायचे. भुशाचा वास पार मासळीवाल्यापर्यंत. हेरिंग घ्यायला जावं आणि घरी आणलेल्या माशालाही सागाचा वास यावा.

टोर्किल : आई, खरी आहे ती! अस्सल!

वाल्बोर्ग : मी कधी खोटी म्हटलं? मी तर तिच्या गाद्यांचं लोकरी कापड दोनदा बदललंय.

सिग्ने : फार थोड्या केल्या त्यांनी या. कारखाना लवकरच बंद पडला ना. धड असेल तर लिलावात पन्नास हजार क्रोनर सहज येतात.

टोर्किल : ऐकलंस? पन्नास हजार! असली वस्तू काय आश्रमाच्या खोलीत ठेवायची? त्यांचा विमा दहा हजारांच्या वर जात नाही. उद्या कुणी कॉफी सांडली म्हणजे?

वाल्बोर्ग : मीच सांडते. तो डावा हात बघ, कसा काळा झालाय. लोक पॉलिश लावतात, मी कॉफी लावली.

टोर्किल : आणि तिथे तुला मोटरची खुर्ची मिळणारच आहे. बटण दाबलं की आपोआप उभं करते.

वाल्बोर्ग : मला उभं करायला खुर्ची नको रे, बसायला हवी. सिग्ने, टेप आणलीस ना पोरी? मग माप घे की. न मोजता कसली किंमत करतेस?

सिग्ने : घेतेच. सरळ करते आधी. रुंदी बरोबर... खोली बरोबर... उंची... हे काय? परत बघते हं. बसायची जागा अडतीस सेंटिमीटर हवी जमिनीपासून. ही तेहतीसलाही कमी भरते.

टोर्किल : खचली असेल.

सिग्ने : गादी खचते, पाय खचत नाहीत. हे बघा, पाय खाली निमुळता होत येतो आणि मध्येच संपतो. चारही तसेच. कापलेत हे. पाच सेंटिमीटर, आणि वर थोडंसं.

वाल्बोर्ग : एक काड्यापेटी.

सिग्ने : काय?

वाल्बोर्ग : काड्यापेटी उभी धरली पायाशी, पेन्सिलीने रेघ मारली, आणि कापलं. चारीला तीच काड्यापेटी, म्हणून डुगडुगत नाही.

टोर्किल : कुणी कापलं? बाबांनी?

वाल्बोर्ग : बाबा तुझे समुद्रावर. मी कापलं. शेजारच्या ओलुफची करवत आणून, स्वयंपाकघरात.

टोर्किल : ब्राम्सकोवची खुर्ची! करवतीने! आई, का?

वाल्बोर्ग : तुझ्या बाबांनी, आक्सेलने घेतली ती स्वतःच्या मापाची. हा एवढा उंच माणूस. चार महिने बोटीवर, मग वीस दिवस घरी. त्यातही निम्मे दिवस बंदरावर दोस्तांबरोबर. मग रोज बसायचं कुणी? तुला पाजायला मी बसायची, तर पाय अधांतरी. तू प्यायला अर्धा तास लावायचास, पाय मुंग्या येऊन मरायचे. एकदा उठताना पडले, तू हातात. दुसऱ्या दिवशी करवत आणली.

टोर्किल : पाट ठेवायचास पायाखाली!

वाल्बोर्ग : माझ्या घरात मी का पाटावर पाय ठेवू? बरं सिग्ने, आता सांग. अशी, आहे तशी, केवढ्याची?

सिग्ने : आहे तशी... चार हजार. जास्तीत जास्त.

वाल्बोर्ग : बघ टोर्किल. खरी आहे, किमती नाही. गुरुवारी गाडीत आधी तीच चढव.

सिग्ने : एक सांगायला हवं मात्र. कापलेली मूळ टोकं असतील, तर चांगला कारागीर ती परत जोडतो. सांधा दिसतो, पण लाकूड तेच असतं. तीस हजारांपर्यंत जाईल मग.

टोर्किल : टोकं! आई काही म्हणजे काही टाकत नाही हो. तळघरात माझे दुधाचे दात निघतील. आई, कुठे आहेत?

वाल्बोर्ग : शोध. घर रिकामं करायचंच आहे.

(टोर्किल तळघरात उतरतो.)

सिग्ने : कॉफी मी आणते, तुम्ही बसा. ट्रे कुठे ठेवू? खिडकीत मेणबत्त्या मांडल्यात.

वाल्बोर्ग : काल पहिली पेटवली. नाताळापर्यंत दर रविवारी एकेक... अगं, थांब, त्या मी सरकवते.

सिग्ने : सरकवल्या की. छान आहेत मेणबत्त्यांच्या या लाल लाल बैठका. अय्या, खालून रंगच नाही याला. वाल्बोर्गबाई... हा साग आहे.

वाल्बोर्ग : कॉफी निवतेय.

सिग्ने : चार. निमुळत्या. काड्यापेटीएवढ्या.

वाल्बोर्ग : डोळे बरे आहेत तुझे. मी सरपणाच्या पेटीत टाकली होती ती. आक्सेल आला, खुर्चीत बसला, गुडघे हनुवटीला लागले. मी ओट्याशी उभी, आता काय ऐकावं लागतं म्हणून. तो उठला, पेटीतून चारही टोकं उचलून खिशात घातली आणि परत बोटीवर गेला. वाटलं, रागावला. नाताळाला आला तो हे घेऊन. भोकं पाडलेली, बोटीचाच लाल रंग दिलेला. म्हणाला, ‘खुर्ची आता तुझी झाली. हे माझं.’

सिग्ने : आणि टोर्किलना माहीत नाही?

वाल्बोर्ग : लहानपणी दर वर्षी तोच पेटवायचा. माणूस ज्योतीकडे बघतो गं, बुडाशी कोण बघतं? तू लिलाववाली, तुमचं वेगळं.

सिग्ने : त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही हं.

वाल्बोर्ग : मी तरी कुठे बोलतेय? केक घे. ब्रुन्सविगर आहे, सकाळीच केलाय.

टोर्किल : काही नाही खाली. दात सापडले, टोकं नाहीत. सिग्नेबाई, तुम्हाला काय वाटतं? शिल्लक असतील?

सिग्ने : कापली आईंनी. त्यांनाच विचारा.

टोर्किल : आई?

वाल्बोर्ग : जाळली नाहीत, फेकली नाहीत. पण कुठे आहेत ते सांगणार नाही. ती जोडलीस की माझे पाय पुन्हा अधांतरी. पंच्याऐंशी वर्षांची झाले मी, टोर्किल. घर सोडते, बाग सोडते, ओलुफच्या नातवंडांना सोडते, त्याबद्दल एक शब्द काढला का मी? जिथे जाईन तिथे पाय जमिनीला टेकवून बसेन. एवढंच.

टोर्किल : ...तीस हजार, आई.

वाल्बोर्ग : ऐकलं मी. कान शाबूत आहेत.

टोर्किल : सिग्नेबाई, लिहा मग. चार हजार.

सिग्ने : लिहिलं कधीच.

टोर्किल : जड आहे का हो उचलायला? माझी पाठ जरा...

वाल्बोर्ग : हलकी आहे. पोटुशी असताना मी एकटीने उचलून खिडकीशी नेलीय.

टोर्किल : बरं बाई, आधी खुर्ची. मग तू. पण या मेणबत्त्यांचं काय करायचं? आश्रमात ज्योत पेटवू देत नाहीत. मी घरी नेऊ? मला आवडतात त्या. बाबांची आठवण आहे.

वाल्बोर्ग : ने. तुझ्याच आहेत. पण चारही एकत्र ठेव, आणि नवा रंग देऊ नकोस.

टोर्किल : नाही देत. एवढंच ना?

वाल्बोर्ग : खुर्ची तुझ्याकडे येईल, त्या दिवशी या बैठका एकदा उलट्या करून बघ. त्याच्या आधी नको.