एक नंबरची जर्सी

"हॅलो?

हॅलो… कोण? … हो, हो, स्टेडियमच. … सेक्रेटरी साहेब नाही ना जी. ते मॅचच्या टायमाले येतीन, चार वाजता. … मी धोंडबा बोलून राहिलो, ग्राउंडमन. … कोण? … अरे, मधु! मधुसूदन! मंग जोरात बोल ना गा, नुसती खरखर ऐकू येऊन राहिली!"

धोंडबाने रिसीवर उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला आणि हळूच समोर पाहिलं. समोर सेक्रेटरी साहेबांच्या गादीच्या खुर्चीत मधुसूदनची आई रुखमाबाई पाय वर घेऊन बसली होती आणि बशीतून चहा पीत होती. बावीस वर्षं धोंडबाने या मैदानाला पाणी घातलं, चुन्याच्या रेघा मारल्या, रेफ्रीच्या आणि प्रेक्षकांच्या सारख्याच शिव्या खाल्ल्या. पण फोनवर बोलायची धास्ती वाटावी, असा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता.

"आली ना तुही माय! सकाळच्या येष्टीनं आली. … मीच गेलतो स्टँडवर, रिक्षात बसवून आणलं. … त्रास कायचा गा त्यात! … आता? आता चहा पिऊन राहिली, माह्या समोरच बसली आहे.

पाह्यलं. सगळं पाह्यलं. तू सांगतलं तसंच, आतून. … हात धरूनच नेलं बाप्पा, मोकळी कशी सोडीन! … पहिले मागचं गेट. मंग पायऱ्या उतरून ड्रेसिंग रूम. एक एक खुंटी चाचपली तिनं. म्हणे, इथं कोणाचे कपडे, तिथं कोणाचे? … मंग रेफ्रीची खोली. शिट्टी देल्ली तिच्या हातात. … वाजवली ना! दोनदा वाजवली! मी म्हणलं, वहिनी, फाउल कोणाचा? तर हसली.

अगा ऐक ना पुढचं… स्कोअरबोर्डाच्या मागं नेलं. ते टिनाचे आकडे असतात ना… हो, तेच. शून्यावर हात फिरवला. म्हणे, हा कायचा आकडा? मी म्हणलं, हा तुमच्या पोराचा आकडा. पाच मॅच झाल्या, समोरच्या टीमच्या नावापुढं हाच टांगलेला आहे, काढायचं कामच नाही पडलं. … अन् गोल! गोलाच्या ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत पावलं मोजत चालली. बारा भरली. मंग कमरेवर हात ठेवून म्हणते कशी, एवढं मोठं दार, अन् माह्या पोराले एकट्यालेच उभं करता?"

पलीकडे कोराडीच्या पॉवर हाउसमध्ये मधुसूदन मोठ्याने हसला असावा, कारण धोंडबाने रिसीवर कानापासून दूर धरला. हसला तेवढाच दिलासा. हा सगळा बेत मधुसूदनचाच होता. रुखमाबाईच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. जे काही दिसायचं ते समोरचं, चार-पाच पावलांवरचं, तेही नळीतून पाहावं तसं, धूसर. होळीपर्यंत तेवढंही जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पोराला खेळताना तिने कधी पाहिलं नव्हतं आणि आजची फायनल झाली की पुढची टूर्नामेंट एकदम वर्षाने. म्हणून पोराने तिला गावाहून बोलावलं, आणि गॅलरीतून काहीच दिसणार नाही म्हणून आधी सगळं स्टेडियम आतून, हाताने दाखवून ठेव, असं धोंडबाला गळ घालून सांगितलं. स्वतःची सकाळची ड्यूटी त्याला कोणी बदलून दिली नव्हती.

"हो, स्टूलही ठेवला. गोलाच्या मागं, जाळीले चिकटून. तू उभा राह्यला की तिच्यापासून पाच पावलांवर. तुही पाठ तरी दिसन… हो, हो, हाफ टायमानंतर उचलून दुसरीकडं नेतो, समजते मले. … काय म्हणतं? तिले फोन देऊ?

नको. … नाही, आत्ताच नको गा. … चहा पिऊन राहिली म्हणतो ना! … गरम आहे. लय गरम आहे."

चहा कधीच संपला होता. रुखमाबाईने बशी पदराने पुसून टेबलावर पालथी घातली होती. पण तिच्या हाती फोन गेला तर तिच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघेल, हे धोंडबाला पक्कं ठाऊक होतं.

भानगड जर्सीची होती. पिवळी, लांब बाह्यांची, पाठीवर एक नंबर. पाच मॅचमध्ये मधुसूदनने एकही गोल खाल्ला नव्हता, आणि त्या पाचही मॅच त्या जर्सीने पाण्याचं तोंड पाहिलं नव्हतं. चिखल, घाम, हिरवळीचे डाग, सगळं जसंच्या तसं. गोलकीपर लोकांचं हे असंच असतं, त्यांना कोणी शहाणपण शिकवू नये. घरी नेली तर कोणी ना कोणी बादलीत बुडवणार, या धास्तीने त्याने ती ड्रेसिंग रूमच्या खुंटीवर धोंडबाच्या राखणीत ठेवली होती. आणि आज सकाळी पेनल्टीची रेघ पुसट दिसली म्हणून धोंडबा म्हातारीला तिथल्या बाकावर बसवून चुन्याची गाडी घेऊन पंधरा मिनिटं बाहेर गेला. परत आला तर खुंटी रिकामी. मागच्या नळावरून कपडा आपटल्याचा आवाज येत होता, अगदी तालात.

"हॅलो… हो, आहे ना, आहे. कुठी जाईन! … काय? … जर्सी?

जर्सी… आहे ना. … हो. … आहे म्हणलं ना बापू! … खुंटीवर? खुंटीवर… तशी खुंटीवर नाही. … उन्हात आहे जराशी. … अगा, हवा लागावी म्हून! … नाही, कोणी नेली नाही. दिसून राहिली ना मले इथून खिडकीतून. गोलाच्या आडव्या दांडीवर आहे."

दांडीवर ती होती खरी. बाह्या पसरून, स्वच्छ पिवळीधमक, आणि खालच्या कडेतून अजून टपटप पाणी गळत होतं. रुखमाबाईचा हात दांडीपर्यंत पोचेना, तेव्हा वाळत घालायला धोंडबानेच हात दिला होता. दुसरं तो करणार तरी काय?

"दांडीवर काहून म्हणजे… आता कसं सांगू तुले… ओली झाली ना ते. … पाऊस? पाऊस कुठला गा थंडीत! … ऐक. ऐकून घे. चिडू नको. … धुतली.

हो. धुतली. … साबणानं. … कोणी? … मी. मी धुतली, मधु. माह्या हातून झालं. … आता काय सांगू, बुद्धी फिरली. … दे, शिव्या दे. माह्या पोराच्या वयाचा आहे तू, पण दे. हक आहे तुहा."

आणि इथेच धोंडबाचं चुकलं. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या माणसाला कानांनी किती ऐकू येतं, ते घाईत त्याच्या लक्षातच आलं नाही. रुखमाबाईने खुर्चीवरून पाय खाली सोडले. दोन हात टेबलावर टेकून ती उभी राहिली आणि धोंडबाच्या आवाजाकडे तोंड करून विचारू लागली, की तुम्ही कधी धुतली, ती तर मी धुतली ना भाऊ? धोंडबाने तिला हाताने 'बसा, बसा' अशी खूण केली. ती खूण तिला दिसणार नव्हती, हेही त्याच्या नंतर लक्षात आलं.

"काही नाही गा, इथं… मागं कोणीतरी बोललं. … कोणी नाही. … काय म्हणतं? … नाही, असं नको बोलू. नाही खेळत म्हणजे काय! फायनल आहे बापू! … राखीव गोलकीपर? त्या भैय्याजीले उभा करू? त्याले चेंडू दिसला की तो डोळे मिटते! … अगा, गोल जर्सी अडवते का? तू अडवतं! … बरं, तुह्यासाठी जर्सीच अडवते, मान्य. मले काही समजत नाही, मान्य. पण येऊन तर जा.

ठेवू नको! मधु, फोन ठेवू नको! इथून मले लावता येत नाही, सेक्रेटरी साहेबानं डायलले कुलूप लावलं आहे. तू ठेवला तर मी कुठी शोधू तुले! … हो, मी चूप बसतो. तू बोल. … हो. … हो. … समजते. … हो."

त्या कुलपाची पिवळी बारीक किल्ली साहेबांच्या जानव्याला बांधलेली, आणि साहेब धरमपेठेतल्या घरी आंघोळीला बसलेले. धोंडबाच्या हातात फोन होता, पण त्याचं अर्धंच काम त्याला करता येत होतं. रुखमाबाई टेबलाच्या कडेला धरून धरून जवळ येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा उतरला होता. आपल्या हातून काहीतरी वाईट झालं एवढं तिला कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. तिच्याकडे पाहून धोंडबाला अगदी भरून आलं. खोटं बोलून भागलं नाही, आता खरं तरी सांगून पाहावं, असं त्याने ठरवलं.

"मधु. आता माह्यं ऐक. एकदाच ऐक. मी नाही धुतली. … तुह्या मायनं धुतली. … हो, इथंच उभी आहे. … तिले काय माहीत गा! कोण सांगन तिले असलं! … सांगायले पाहिजे होतं, माहीच चूक आहे. पण तू हे ऐक. अकरा खुंट्या, आजच्या मॅचसाठी टांगलेल्या अकरा जर्स्या. तिले तर नंबर दिसत नाही. मी विचारलं, वहिनी, तुम्हाले कसं समजलं हीच मधुची? तर म्हणे, त्यात काय, वास घेतला. एक एक जर्सी नाकाले लावून पाह्यली तिनं. सहावी का सातवी तुही निघाली. म्हणे, लहानपणी वावरातून खेळून यायचा, तेव्हाही याचा हाच वास.

हॅलो? … ऐकून राहिला ना? … मंग तिनं ते उराशी धरली अन् नळाचा आवाज ऐकत ऐकत, भिंतीले धरत एकटी गेली धुवायले. पोराची आज मोठी मॅच आहे, लोकं पाहतीन, मळकी कशी घालन म्हणे. … मधु? बोल ना काही. … येतं ना? फक्त हो म्हण. … मधु?"

खरखर थांबली. मध्येच एक 'कट्' झालं, आणि मग कानात एकच लांबलचक गूंऽऽ सुरू झालं. मधुसूदनने फोन ठेवला, की लाइन तुटली? वासाचं त्याने ऐकलं, की त्याच्या आधीच गेला? काही म्हणता काही कळायला मार्ग नव्हता. रुखमाबाईने धोंडबाच्या बाहीला हात लावला. काय म्हणते पोरगं, येते ना, एवढंच ती विचारत होती.

धोंडबाने रिसीवर कानाला तसाच घट्ट धरला.

"हो… हो बापू. … हाव, सांगतो ना मायले. … नाही, रागावला नाही म्हणतो. … चार वाजता, हो. … लवकर येतो म्हणतं? ये, ये. … जर्सी वाळते तोपर्यंत, ऊन चांगलं आहे. … काय? … बरं केलं म्हणतं, धुतली ते? … सांगतो. बराबर सांगतो."

असल्या कामाची त्याला सवय नव्हती. त्याने रिसीवर खाली ठेवायला नेला, तेवढ्यात रुखमाबाईचा हात पुढे आला आणि फोनची दोरी चाचपत वर सरकला. तिने जन्मात कधी फोन कानाला लावला नव्हता. धोंडबा नको, नको म्हणतोय तोवर तिने तो त्याच्या हातून काढून घेतलादेखील. उलटा धरला, मग त्यानेच मुकाट्याने सुलटा करून दिला.

"मधु? … मी बोलून राहिली रे, माय. … घरघर किती आहे रे बाबू तुह्या इकडं! तुमच्या पावर हाउसची मशीन चालू आहे वाटते. … बरं, तू नको बोलू, ओरडून घसा बसन. मीच बोलतो, तू ऐक.

हे धोंडबा भाऊ चांगले आहेत. हे मले काही सांगून नाही राहिले. पण मले समजलं, तू रागावला. … धुवायची नव्हती का रे? … मले कोणी सांगतलंच नाही. मी म्हणलं, पोरगं खोलीवर एकटं राहते, करणारं कोणी नाही. … चुकलं माह्यं.

आता पाणी तर परत काढता येत नाही त्यातून. … तू नाही खेळला तरी चालन. तू ये फक्त. मी त्या स्टुलावर बसतो, तू माह्यापुढं उभा राह्य. दिसतं तोवर पाहून घेतो एकदा, बस. दुसरं काही नाही मागत. … येतं ना?

… येतं ना रे?"

ती थांबली. रिसीवर कानाशी दाबून, मान जराशी तिरपी करून, त्या गूंऽऽ आवाजात पोराचा आवाज शोधत राहिली. मधुसूदन तिकडून पुन्हा फोन लावत असेल, तर त्याला आत्ता एंगेजच लागत असणार, आणि हा रिसीवर जागेवर गेल्याशिवाय इथली घंटी वाजणार नाही. धोंडबाला हे समजत होतं. त्याने रिसीवर घेण्यासाठी हात पुढे केला. तिच्या बोटांपर्यंत नेला. रुखमाबाईने तो हळूच बाजूला सारला.

"थांबा ना भाऊ. बोलन तो आता."