मागच्या जीपची खिडकी

सेमिनारला मला उशीर का झाला ते सर सगळ्यांना सांगतात, पण अर्धवटच. विषय होता, युद्ध कसं जिंकावं. पश्चिमेचे जुने सेनापती म्हणत, सगळं बळ एकवटून एकच घाव घाला. पूर्वेचे म्हणत, न लढताच जिंका.

अकराला यवतमाळात बोलायचं होतं आणि दारव्ह्याला जीप एक सीट भरायची म्हणून अडलेली. मी ड्रायव्हरवर सगळं बळ एकवटून ओरडले. तो शांतपणे चहा पीत राहिला.

सोबतचे मामा म्हणाले, "कायले भांडून राह्यली? न लढता जिंकाव, असं तूच तं घोकत होती. चला, सारे मागच्या जीपमंदी बसू!"

सगळे उतरून मागे गेलो. ड्रायव्हरने चहा टाकून इंजिन सुरू केलं. "या, या, निघून राह्यलो!"

आम्ही धावत परत आलो. मामा मात्र मागच्याच जीपमध्ये. "मी नाही येत. मले इथं खिडकी भेटली!"

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. "ताई, आता दोन सीट कमी झाल्या."

शेवटी पोहोचले, तर सरांनी विचारलं, "मग श्रेष्ठ विचार कोणता?"

म्हटलं, "सर, दोन्ही चालतात. फक्त मामा शत्रूच्या सैन्यात पाहिजेत."