बाळासाहेबांची पहिली पैज

(आखाती देशातली शुक्रवारची दुपार. रुमैथियातल्या एका इमारतीखाली जुनी गाडी उभी आहे, एसी चालू, दोघांच्या हातात करक चहाचे कागदी पेले. बाळासाहेब साठीला टेकलेले, लातूरकडचे, जहरा भागातल्या स्पेअर पार्टच्या गोदामाचे स्टोअरकीपर. अस्मिता चिपळूणची फिजिओथेरपिस्ट. गळ्यात टेनिस स्पर्धेचा पास. तिला नुसतं घरी सोडायला आलोय असं काका म्हणतात, पण गाडी थांबून दहा मिनिटं झाली तरी तिला उतरू देत नाहीत.)

बाळासाहेब : ...म्हणून म्हणतो, नवशिक्यानं पैज लावावी तर टेनिसवरच. क्रिकेटचा काय भरवसा? टॉस काय, पाऊस काय, अकरा गड्यांच्या अकरा तऱ्हा. टेनिसला दोनच गडी. एक जिंकणार, एक हरणार. बरोबरी न्हाईच!

अस्मिता : काका, मागच्या शुक्रवारपर्यंत तुम्ही रॅकेटला बॅट म्हणत होतात.

बाळासाहेब : म्हणून तर नवशिक्या म्हणायलोय की. पण आठ दिवसांत वही भरत आणली, हे बघ. ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा, त्याचा भाव दीड. दहा दिनार लावले तर पंधरा हातात. ज्याला कुणी विचारीत न्हाई, त्याचा भाव पावणेतीन.

अस्मिता : आणि हरला तर?

बाळासाहेब : हरला तर दहा गेले. त्यात शिकायचं काय, ते उपजतच येतंय.

अस्मिता : हसवू नका. किती लावलेत आतापर्यंत?

बाळासाहेब : छदाम न्हाई! नवशिक्याचा पहिला नियम, आधी कागद, मग खिसा. आठ दिवस नुसता कागदावर खेळायलो. नऊपैकी सहा बरोबर आले. जाफर म्हणला, बाळासाब, आप तो उस्ताद निकले.

अस्मिता : जाफर म्हणजे तुमच्या गोदामातले ड्रायव्हर? हैदराबादचे?

बाळासाहेब : तोच. त्याचा मेव्हणा परदेशात हाय, तो लावतोय तिकडून. उद्याच्या सेमीफायनलला पहिल्यांदा खरे पैसे. मी, जाफर आन् अजून चौघं.

अस्मिता : इथं हा गुन्हा आहे, ठाऊक आहे ना? मेव्हणा तिकडे असला तरी तुम्ही इकडे आहात. अकामा रद्द करतील, राहायचा परवानाच गेला की विमानात बसवतील. सत्तावीस वर्षं इथे काढून शेवटी असं जाणार?

बाळासाहेब : लावला तर गुन्हा. अजून कुठं लावलाय? बरं ते ऱ्हाऊ दे. तो उद्या खेळणारा उंच पोरगा, डावखुरा...

अस्मिता : काका, चहा निवतोय.

बाळासाहेब : निवू दे. त्याला सकाळी...

अस्मिता : थांबा. पुढचं वाक्य बोलू नका.

बाळासाहेब : का? मी काय वंगाळ बोलायलो?

अस्मिता : अजून बोलला नाहीत. म्हणून तर थांबवतेय. मी वर जाते, तुम्ही घरी जा, काकींना सांगा संध्याकाळी गुडघ्याला शेक द्या म्हणून. बस्स.

बाळासाहेब : आपल्या माणसापुढं लाजायलीस व्हय? मग मी सरळच विचारतो. सकाळी त्याच्या खांद्याला पट्टी तू बांधलीस. जाफरनं जाळीतून बघितलं. उद्या टिकतोय का त्याचा खांदा? हो म्हण, न्हाईतर न्हाई म्हण. न्हाई म्हणलीस की आमचे सगळे पैसे पावणेतीनवाल्यावर.

अस्मिता : विचारलंत तुम्ही.

बाळासाहेब : विचारलं की.

अस्मिता : झालं तर मग. आता तुम्हाला ऐकावं लागेल. उत्तर तर मी देणार नाहीच. पण तेवढ्यावर भागत नाही. खेळाडूची आतली गोष्ट मला कुणीही विचारली, तर कोणी विचारलं आणि काय विचारलं, ते त्याच दिवशी सुपरवायझरला कळवायचं. नाही कळवलं तर दोष माझा. या पासासाठी मी तशी सही केलीय.

बाळासाहेब : म्हणजे माझं नाव देणार? माझं?

अस्मिता : तुम्हीच विचारलंत ना?

बाळासाहेब : अगं, गाडीत आपण दोघंच हाव. मी विचारलंच न्हाई. तू ऐकलंच न्हाई. मिटलं!

अस्मिता : तुम्ही मला विचारणार आहात, हे किती जणांना ठाऊक आहे?

बाळासाहेब : ...पाच.

अस्मिता : काय सांगून आलात त्यांना?

बाळासाहेब : आपली पोरगी आत हाय म्हणलं. तिला विचारलं की काम फत्ते.

अस्मिता : उचलली जीभ, लावली टाळ्याला! काका, आज मी हे दाबलं, तर उद्या त्या पाचांतला एखादा येईल. म्हणेल, काकांनी विचारलं तेव्हा गप्प बसलीस, आता आम्हाला सांग, नाहीतर आम्ही बोलतो. मग मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

बाळासाहेब : कोण म्हणतंय बघतो मी.

अस्मिता : तुम्ही गोदामात असाल. मी एकटी असेन.

बाळासाहेब : अस्मिता, मी कधी बोलून दाखवलं न्हाई. आज दाखवतो. तुला आणणारा एजंट विमानतळावरूनच पळाला, तेव्हा तुला घरी कोणी आणलं? तुझ्या काकीनं, तारानं, आपला पलंग दिला तुला, स्वतः खाली झोपली दोन महिने. तुझ्या अकाम्याच्या रांगेत माझी अकरा दिवसांची रजा गेली. विसरलीस?

अस्मिता : एक दिवस विसरले नाही. तुम्ही नसतात तर मी रडत चिपळूणला गेले असते, आणि आईबाबांपुढे मान वर केली नसती. त्याच्या बदल्यात माझं काहीही मागा. पगार मागा, रजा मागा. काकींचा गुडघा मी जन्मभर बघीन. पण त्या पोराचं दुखणं, असलं तर आणि नसलं तर, ते माझं नाही हो द्यायला. एकवीस वर्षांचा आहे. बरोबर कोच नाही, घरचं कुणी नाही. माझ्या टेबलावर पडला की डोळे मिटतो. कुणाच्या भरवशावर मिटतो?

बाळासाहेब : काय बोलू? गोदामात सत्तावीस वर्षं झाली. पार्ट नंबर सोडून मला कुणी काही विचारलं न्हाई. गास्केट कुठाय, बेअरिंग कुठाय. काल जेवणाच्या सुट्टीत पाच माणसं माझ्याभोवती बसली. माझी वही बघायले. एकानं उठून मला खुर्ची दिली. तोंडातून निघून गेलं, आपली पोरगी आत हाय. लई बरं वाटलं गं ते म्हणताना.

अस्मिता : कळतंय मला.

बाळासाहेब : कळवलंस तर काय होईल माझं?

अस्मिता : तुमचं टेनिस कोर्टावर येणं बंद होईल. बोलावून विचारतील. पैसे लावले नाहीत, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे, तीही मी लिहिणार. त्यापुढचं मला माहीत नाही. उगाच धीर देत नाही तुम्हाला.

बाळासाहेब : जाफरला तीन लेकरं हायत.

अस्मिता : सगळं लिहायचंय, काका. जाळीतून बघणारा कोण, तेही विचारतील. पण अजून कुणी पैसे लावलेले नाहीत. ते तसंच राहिलं तर त्यांच्यावरही फार काही येऊ नये. ते मात्र तुमच्या हातात आहे, माझ्या नाही.

बाळासाहेब : फोन दे माझा. तो बघ, चार्जिंगला लावलाय... हॅलो, जाफरभाई? हां, मिली. हां, पूछा. नहीं बोलती. अरे नहीं बोलती म्हणजे नहीं बोलती! क्या? कैसी तुम्हारी बच्ची, पूछते? मेरीच बच्ची है, इसी वास्ते नहीं बोलती. और सुनो, मेरा पैसा नको. तुम भी मत लगाओ. ये लोगां को मालूम हो रहा है, मैंने पूछा करके. हां, मेरा नाम जा रहा है. तुम्हारा भी आएगा. साले को अभी फोन करो, बंद करो बोलो. गुस्सा कल करना, कल मैं गोदाम में हूँ. रखता हूँ.

अस्मिता : काका...

बाळासाहेब : रडू नको. कागद काढ तो. का मोबाइलवर असतंय?

अस्मिता : मोबाइलवर. खरंच भरू?

बाळासाहेब : आता मलाच विचारायलीस व्हय! भर. माझ्यासमोर भर. नाव नीट लिही, बाळासाहेब पुंडलिक कदम. अकाम्यावर ह्या लोकांनी पुंडलिकचं काय केलंय कुणास ठाऊक, ते कार्ड बघून लिही.

अस्मिता : लिहिलं. तुमचा प्रश्न लिहिला. जाळीचं लिहिलं. पैसे लावले नाहीत, आणि स्वतःहून फोन करून बाकीच्यांना थांबवलं, तेही लिहिलं.

बाळासाहेब : लई झालं. अजून काय राहिलं?

अस्मिता : एकच रकाना. विचारणारी व्यक्ती तुमची कोण लागते?

बाळासाहेब : ओळखीचा माणूस, असं लिही. उगं तुझ्यावर बालंट नको.

अस्मिता : ते खोटं होईल, काका.